बाळू पालवणकर : न निवडलेल्याची कारकीर्द

पेण-रोह्याच्या मैदानांवर सायंकाळी कबड्डीचा डाव रंगला, की कडेला उभ्या असलेल्या मंडळींत एक चर्चा हटकून निघते : अमक्याची निवड झाली, तमक्याची राहिली. २०१४ पासून व्यावसायिक कबड्डीत खेळाडूंची बोली लागू लागली आणि या चर्चेला पैशाचीही धार आली. अमेरिकेतील फुटबॉलच्या व्यावसायिक संघांनी तर १९३६ पासूनच होतकरू खेळाडूंना दरवर्षी पाळीपाळीने निवडून घेण्याची पद्धत घातली आहे. त्या यादीत ज्याचे नाव येत नाही, त्याला आपण होऊन एखाद्या संघाच्या दारी उभे राहावे लागते. कर्ट वॉर्नर हा १९९४ साली यादीत न आलेला आणि सरावातूनही परत पाठविलेला खेळाडू. रात्री किराणा दुकानात फळ्यांवर माल रचून त्याने पोट भरले. पुढे २००० च्या जानेवारीत त्यानेच आपल्या संघाला अजिंक्यपद मिळवून दिले.

वॉर्नरची गोष्ट मोठीच. पण त्याच्या वाटेत परीक्षकांची चूक आडवी आली होती, आणि चूक दुरुस्त होऊ शकते. जेथे परीक्षकाला गुण स्वच्छ दिसतात आणि तरीही नाव लिहिताना त्याची लेखणी अडते, तेथे काय होते? या प्रश्नाचे उत्तर आम्हांस बाळू पालवणकर यांच्या चरित्रात सापडते.

पालवणकर हे घराणे मूळचे कोकणातील पालवणचे. जातीने चर्मकार, वडील लष्करी नोकरीत. बाळूंचे बालपण पुण्यात गेले. तेथे पारशी मंडळींच्या क्रिकेट क्लबात महिना तीन रुपयांवर खेळपट्टी झाडावयाची आणि लोळविण्याची, ही त्यांची पहिली नोकरी. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात चार रुपयांवर लागले. साहेबलोकांना सरावासाठी कोणीतरी चेंडू टाकावयास हवा होता. हा तरुण डाव्या हाताने संथ, फिरकी चेंडू टाकी. जे. जी. ग्रेग यांच्यासारखा नामांकित फलंदाज त्यांच्यासमोर तासन्‌तास सराव करी. मात्र बॅट बाळूंच्या हाती कधी कोणी दिली नाही, असे सांगतात. फलंदाजी ही मालकांची, गोलंदाजी नोकराची, असाच तेथला रिवाज होता.

या गोलंदाजाची कीर्ती पुण्याच्या हिंदू क्लबापर्यंत पोचली, तेव्हा मोठा वाद झाला. युरोपियनांना हरवावयाचे तर हा माणूस हवा. पण हा माणूस घ्यावयाचा तर विटाळ होतो! अखेर तोड निघाली ती अशी : मैदानावर सर्वांनी एकच चेंडू हाताळावा, चहाच्या वेळी मात्र बाळूंनी बाहेर उभे राहून मातीच्या पात्रातून चहा घ्यावा आणि जेवावयास वेगळे बसावे. त्यांनी टाकलेला चेंडू झेलावयास कोणाला संकोच नव्हता, त्यांचा पेला तेवढा चालत नव्हता.

पुढे ते मुंबईस आले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. १९०६ च्या फेब्रुवारीत हिंदूंनी युरोपियनांचा १०९ धावांनी पराभव केला. त्या संघात बाळू आणि त्यांचे बंधू शिवराम हे दोघेही होते. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला, पण बाळूंनी त्या दौऱ्यात एकूण ११४ गडी बाद केले. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत त्यांच्या नावावर १७९ बळी आहेत, तेही सरासरी अवघ्या पंधरा धावांच्या मोलाने.

एवढे झाल्यावर हिंदू संघाचे नेतृत्व त्यांच्याकडे यावे, हे उघड होते. आले नाही. १९१३ साली कर्णधार झालेल्या एम. डी. पै यांनी, हा मान ज्येष्ठ व अनुभवी अशा बाळूंचा होता, असे जाहीरपणे सांगितले. पै यांचे हे औदार्य आम्ही विसरू नये. पण औदार्याने निर्णय बदलला नाही. १९२० साली बाळूंना वगळण्यात आले आणि त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांनाही डावलून नेतृत्व दि. ब. देवधर यांना देण्यात आले. देवधर थोर खेळाडू, यात शंका नाही. प्रश्न अधिकाराचा होता. विठ्ठल आणि शिवराम यांनी खेळण्याचे नाकारले. त्यावर बराच गाजावाजा झाला. पुढच्या सामन्यात बाळूंना उपकर्णधार करण्यात आले, आणि पै काही वेळ मैदानाबाहेर गेल्यामुळे संघ त्यांच्या हाती आला. सारे आयुष्य खेळल्यावर पदरी पडले ते हे नेतृत्व! १९२३ साली मात्र विठ्ठल पालवणकर रीतसर कर्णधार झाले. ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र त्यांचेच.

याच आमच्या, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, महाडला, २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. पुण्यातील ते मातीचे पात्र आणि महाडचे ते तळे, यांत आम्हांस एकच प्रश्न दिसतो. पुढे राजकारणात या दोघांचे मार्ग निराळे झाले. १९३७ च्या निवडणुकीत बाळू काँग्रेसतर्फे आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले आणि ११,२२५ विरुद्ध १३,२४५ मतांनी पराभूत झाले. खेळाने उघडलेले दार हळूहळू सर्वांसाठी उघडेल, या मार्गाने एक चालला. दार हक्कानेच उघडावे लागते, हे दुसऱ्याने सांगितले. बाळूंचे स्वतःचे आयुष्य दुसऱ्याच्या बाजूने साक्ष देते, असे आमचे मत आहे. कारण त्यांच्याइतके गुण तर कोणाजवळच नव्हते, आणि तरी ते पुरले नाहीत.

४ जुलै १९५५ रोजी ते मुंबईत निवर्तले. निवड न झालेला खेळाडू निवड करणाऱ्यांचीही परीक्षा घेत असतो. आमच्या गावच्या मैदानावर यादी वाचली जाईल, तेव्हा गाळलेली नावेही एकदा मोठ्याने वाचावीत आणि ती का गाळली, हे स्वतःला विचारावे. बाळू पालवणकरांची आठवण आम्ही ठेवावयाची ती अशी.