वैद्यकधर्म आणि राजकीय जाणीव : डॉ. कोटणीसांचे उदाहरण

स्वातंत्र्यपूर्व काळी आपले बऱ्हाणपूर मध्यप्रांत व वऱ्हाडातील निमाड जिल्ह्यात मोडत असे व प्रांताची राजधानी नागपूर होती. १९३८ साली राष्ट्रीय काँग्रेसने चीनला पाठविलेल्या वैद्यकीय पथकातील डॉ. चोळकर हे नागपूरचे, म्हणजे आपल्याच प्रांताचे. पाच डॉक्टरांच्या त्या पथकात दुसरे मराठी गृहस्थ होते सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस. व्ही. शांताराम यांच्या १९४६ सालच्या चित्रपटाने कोटणीसांचे नाव घरोघरी पोहोचविले. तथापि, उच्च शिक्षणाच्या वाटेवर असलेला हा तरुण शल्यविशारद राजकीय विचारापर्यंत कसा पोहोचला, याचा शोध सहसा कोणी घेत नाही.

कोटणीसांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा. बऱ्हाणपूरप्रमाणेच सोलापूरही मागांचे व गिरण्यांचे गाव. १९३० साली तेथे लष्करी कायदा पुकारला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा हे चौघे येरवड्यास फासावर चढले. कोटणीसांनी वैद्यकीचे शिक्षण घेतले ते मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास महाविद्यालयात. अध्यापकवर्ग भारतीयच असावा, या आग्रहातून १९२६ मध्ये ही संस्था उभी राहिली होती. गाव आणि विद्यालय, दोन्ही ठिकाणी पारतंत्र्याची जाणीव तीव्र होती. मात्र एवढ्यावरून कोटणीस तेव्हाच राजकीय कार्यकर्ते झाले होते, असे मानणे घाईचे ठरेल.

१९३७ साली जपानने चीनवर आक्रमण केले. सेनापती चू-तेह यांनी पंडित नेहरूंकडे साहाय्य मागितले, काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषबाबूंनी जनतेला आवाहन केले आणि सुमारे २२,००० रुपयांचा निधी जमला. परतंत्र देशाने आपल्या राज्यकर्त्यांमार्फत नव्हे, तर स्वतःच्या नावाने दुसऱ्या देशास हात द्यावा, ही घटनाच अपूर्व होय. १ सप्टेंबर १९३८ रोजी पथकाने मुंबई सोडली. पुढे चीनमध्येच कोटणीसांना पितृनिधनाची वार्ता कळली, तरी ते माघारी वळले नाहीत. १९३९ च्या फेब्रुवारीत ते येनानला पोहोचले. कालांतराने सहकारी एकेक करून परतू लागले. कोटणीस व डॉ. बसू मात्र मागे राहिले.

तेथून कोटणीस उत्तर चीनमधील आघाडीच्या प्रदेशात गेले. शस्त्रक्रिया करताना बोटास झालेल्या जखमेतून विषबाधा होऊन कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून १९३९ च्या नोव्हेंबरात निवर्तले होते. त्यांच्या स्मरणार्थ नाव दिलेल्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे कोटणीस १९४१ च्या जानेवारीत संचालक झाले. औषधांची टंचाई होती, शत्रू जवळ होता. अशा स्थितीत ते चिनी भाषा शिकले, तिच्यातून विद्यार्थ्यांना शिकवू लागले आणि शल्यशास्त्रावर पाठ्यपुस्तक लिहावयास बसले.

येथे कालक्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. कोटणीस चीनच्या साम्यवादी पक्षाचे सभासद झाले ते १९४२ च्या जुलैत, म्हणजे मुंबई सोडल्यानंतर जवळजवळ चार वर्षांनी. आधी मत ठरले व मग सेवा सुरू झाली, असे घडले नाही. शस्त्रक्रियेच्या मेजावर येणारे तरुण देह कोणत्या कारणाने जखमी होत आहेत, हे प्रतिदिन पाहणाऱ्या वैद्याला केवळ जखमा शिवून समाधान मानता येईना. त्यांचा पक्ष आपणांस मान्य असो वा नसो, ही जाणीव त्यांनी ग्रंथांतून उसनी घेतली नव्हती, एवढे मान्य करावेच लागते.

१९४१ साली त्यांनी परिचारिकांच्या शिक्षिका क्वो छिंगलान यांच्याशी विवाह केला. १९४२ च्या ऑगस्टात पुत्र झाला. त्याचे नाव ‘यिनहुआ’, म्हणजे भारत आणि चीन. पुढे चारच महिन्यांनी, ९ डिसेंबर १९४२ रोजी, अपस्माराच्या आघाताने कोटणीसांचा अंत झाला. वय अवघे बत्तीस. हाती घेतलेले पाठ्यपुस्तक अपुरेच राहिले.

ख्वाजा अहमद अब्बास यांनी १९४४ साली कोटणीसांवर पुस्तक लिहिले व त्यावरूनच पुढे चित्रपट निघाला. चित्रपटाने त्यांना लोकांच्या हृदयात स्थान दिले; त्यांच्या विचारांचा प्रवास समजून घेण्यासाठी मात्र ग्रंथाकडेच वळावे लागते. शताब्दीच्या या मंगल प्रसंगी ग्रंथालयाच्या तरुण सभासदांनी, विशेषतः वैद्यकीचे शिक्षण घेणाऱ्यांनी, तो प्रवास एकदा अवश्य वाचून पाहावा.