साठवण वाढली, खर्चही वाढला

आमच्या शहाडच्या बचत गटातल्या एक ताई नव्या मोबाईलसाठी कर्ज मागायला आल्या. सकाळी पूर्ण चार्ज केलेला फोन दुपारीच बंद पडायचा. कर्ज देण्याआधी आम्ही थोडं मागे वळून पाहिलं.

२००३ साली टॉर्चवाला नोकिया ११०० आला. बॅटरी फक्त ८५० एमएएचची, तरी दिवसचे दिवस टिकायची. स्क्रीन छोटी, इंटरनेट नाही. २०१६ साली जिओ आलं, डेटा स्वस्त झाला. बँक, बाजार, टीव्ही सगळं फोनमध्ये आलं. आज ५००० एमएएचची बॅटरीही संध्याकाळी मान टाकते. साठवण वाढली, पण खर्च त्याहून वाढला. हा हिशेब आपल्याला नवा नाही.

मग खर्च कुठे होतो ते शोधलं. ताईंच्या फोनच्या सेटिंगमध्ये ‘बॅटरी’ उघडलं. व्हिडिओचं एक ॲप आतल्या आत चालूच होतं, लोकेशन चालू, उजेड पूर्ण. ॲप आणि लोकेशन बंद केलं, उजेड कमी केला. ताई रोज कसाऱ्याकडे लोकलने जातात. रेंज कमी असली की टॉवर शोधताना फोन जास्त बॅटरी खातो. तिथे काम नसेल तेव्हा विमान मोड लावायला सांगितलं.

आता फोन रात्रीपर्यंत चालतो. कर्ज घ्यावंच लागलं नाही.

लिथियम-आयन बॅटरी १९९१ साली सोनीने बाजारात आणली. ती वापराने आणि उष्णतेने झिजतेच. जुनी झाली तर फोन नाही, आधी बॅटरी बदला. फुगली असेल तर मात्र चार्जिंगला मुळीच लावू नका.