साप्ताहिक तोराह-वाचन आणि अर्थाचा शोध : बेने इस्राएल समाजाच्या संदर्भात

प्रस्तावना

तोराह म्हणजे मोशेच्या पंचग्रंथाचे वाचन हा ज्यू धर्मीयांच्या शब्बाथ-उपासनेचा गाभा होय. पंचग्रंथाचे ५४ भाग पाडलेले असून दर शनिवारी एक, क्वचित जोडून दोन, याप्रमाणे वर्षभरात ग्रंथ पूर्ण होतो आणि सिम्हाथ तोराहच्या दिवशी पुन्हा उत्पत्तीपासून आरंभ केला जातो. मजकूर तोच, ऐकणारी पिढी मात्र निराळी; त्यामुळे या शब्दांचा आपल्या काळासाठी कोणता अर्थ घ्यावा, हा प्रश्न प्रत्येक ज्यू उपासक-समुदायापुढे उभा राहत आला आहे. कोकणातील बेने इस्राएल समाजापुढे तो वेगळ्या क्रमाने आला. इतरत्र ग्रंथ हाती होता आणि त्यातून आचार समजावून घेतला जात होता. येथे आचार टिकला होता, ग्रंथ नंतर आला. या क्रमाचा अर्थशोधावर काय परिणाम झाला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

वाचनाबरोबर अर्थ

अर्थ सांगण्याची प्रथा वाचनाइतकीच जुनी आहे. एज्राने लोकांसमोर नियमशास्त्र वाचले तेव्हा ते समजावूनही दिले गेले, असे नहेम्याच्या पुस्तकात नमूद आहे. पुढे अरामी ही बोलभाषा झाल्यावर वाचकाजवळ भाषांतरकार उभा राहू लागला. त्यातून ‘तारगुम’ ही परंपरा निर्माण झाली आणि येमेनी ज्यूंनी ती आधुनिक काळापर्यंत जपली. १८२३ मध्ये प्रशियाच्या राजाने सिनेगॉगमधील जर्मन प्रवचनांवर बंदी घातली. लेओपोल्ड त्सुंझ या विद्वानाने १८३२ च्या आपल्या ग्रंथात, बोलभाषेतील प्रवचन ही नवी टूम नसून प्राचीन रीत आहे, हे साधार दाखवून दिले. अर्थात, प्रश्न केवळ भाषेचा नव्हता. अर्थ सांगण्याचा अधिकार कोणाचा, हाही होता.

आचार आधी, ग्रंथ नंतर

कोकणात तेलाचा व्यवसाय करणारा हा समाज शनिवारी घाणा बंद ठेवी, म्हणून शेजारी त्यास ‘शनिवार तेली’ म्हणत. ‘शेमा’ ही प्रार्थना, सुंता आणि खाण्यापिण्याचे काही नियम शिल्लक होते; हिब्रूचे ज्ञान मात्र लोपले होते. १७९६ मध्ये सॅम्युअल एझिकेल दिवेकर यांनी मुंबईत पहिले सिनेगॉग उभारले. समाज त्यास ‘मशीद’ म्हणे. पुढे कोचीनहून आलेल्या शिक्षकांनी उपासनाविधी शिकविला. तरीही सुरात म्हटलेले हिब्रू वचन बहुसंख्य श्रोत्यांना श्रद्धेने ऐकण्यापुरतेच होते.

अर्थाची वाट काही अंशी परक्या हातांनी खुली झाली. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण प्रसिद्ध केले. त्यांचा हेतू धर्मांतराचा होता. परिणाम जवळजवळ उलट झाला. हिब्रू शिकलेला बेने इस्राएल आपल्या धर्मातच अधिक पक्का झाला. पुढे जोसेफ एझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी अनेक हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले.

खरे प्रवचनपीठ मात्र सिनेगॉगबाहेर तयार झाले. १८८० च्या सुमारास मुंबईत बेंजामिन शिमशोन अष्टमकर आदींनी अब्राहाम, योसेफ, मोशे यांच्या चरित्रांवर मराठी कीर्तने सुरू केली. शब्बाथच्या उपासनेत वाद्यांना मज्जाव असल्याने कीर्तनास तेथे स्थान मिळणे शक्य नव्हते. परंतु पूर्वरंगात तत्त्व आणि उत्तररंगात आख्यान, या घाटात कीर्तनकारास वर्तमानावर बोलण्याची मोकळीक होती, आणि सिनेगॉगच्या सज्जात बसून न समजणारे वाचन ऐकणाऱ्या स्त्रियांना ही कथा आपल्या भाषेत ऐकावयास मिळाली. अभ्यासकांनी या कीर्तनांकडे बहुधा सांस्कृतिक नवल म्हणून पाहिले आहे. त्यांना मराठी तारगुम म्हणणे अधिक योग्य ठरेल.

अर्थ सिनेगॉगच्या उपासनेत आणण्याचा प्रयत्न १९२५ मध्ये झाला. लंडनमध्ये वैद्यकीय उच्च शिक्षण घेताना डॉ. जेरुशा झिराड यांचा लिली मॉंटेग्यू आणि क्लॉड मॉंटेफिओर यांच्या उदारमतवादी चळवळीशी परिचय झाला होता. त्या प्रेरणेने मुंबईत ‘ज्युइश रिलिजस युनियन’ स्थापन झाली. समजणाऱ्या भाषेत उपासना आणि स्त्री-पुरुषांनी एकत्र बसणे हे तिचे विशेष होते. समाजाचा मोठा भाग जुन्या रीतीबरोबरच राहिला, ही गोष्टही नोंदविली पाहिजे.

शब्बाथचा दुहेरी आधार

हा प्रश्न किती जिव्हाळ्याचा होता, हे शब्बाथच्या आज्ञेवरून दिसते. ती वार्षिक वाचनात दोनदा येते. निर्गमातील ‘यिथ्रो’ या भागात शब्बाथ सृष्टिनिर्मितीशी जोडलेला आहे. अनुवादातील ‘वाएथहानान’ या भागात तो मिसरमधील दास्याच्या स्मरणाशी, आणि दास-दासींनाही विसावा मिळावा या अपेक्षेशी जोडलेला आहे. घाण्याचा मालक शनिवारी घाणा थांबवू शकत होता. मुंबईत सरकारी कचेऱ्या, रेल्वे व लष्कर यांत नोकरीस लागलेल्या त्याच्या वंशजास सुटी मिळे ती रविवारी. विसावा देणे ज्याच्या हाती नाही, किंबहुना घेणेही नाही, अशा चाकरमान्याला यांपैकी कोणता पाठ जवळचा वाटावा? येथे दुसरा पाठ केवळ आज्ञा राहत नाही. तो चाकरीच्या स्वरूपाविषयी प्रश्न विचारू लागतो.

१९४८ च्या सुमारास भारतात सुमारे २०,००० बेने इस्राएल होते. त्यांतील बहुसंख्य पुढे इस्राएलला गेले. तेथे विवाहाच्या प्रश्नावरून त्यांच्या ज्यू असण्याविषयीच शंका घेतली गेली आणि आंदोलनानंतर १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचा ठराव केला. महाराष्ट्रात आज हा समाज मुख्यतः मुंबई-ठाणे परिसरात अल्पसंख्येने उरला आहे. २०१६ मध्ये राज्य शासनाने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. सनातन रीतीनुसार दहा प्रौढ पुरुष जमल्याखेरीज तोराहचे सार्वजनिक वाचन होत नाही, त्यामुळे कोकणात जेथे तेवढी माणसे जमत नाहीत तेथे गुंडाळी पेटीतच राहते. इस्राएलमध्ये वाढलेल्या नातवंडांना तोराहची भाषा रोजच्या बोलण्यातून बरीच ओळखीची असते. अर्थ समजावून द्यावा लागतो तो आजीला पाठ असलेल्या मराठी कीर्तनाचा.