वाटाड्याचें नांव

कामोठ्याच्या रेल्वेस्थानकास 'मानसरोवर' असें नांव आहे. हार्बर मार्गावरील हजारों प्रवासी तें रोज उच्चारितात. परंतु हिमालयापलीकडील त्या थंडगार सरोवराचें स्मरण त्यांपैकीं किती जणांस होत असेल? आम्ही ह्याच गांवचे रहिवासी असल्यामुळें आमच्या मनास मात्र हें नांव वारंवार एका प्रश्नाकडे घेऊन जातें. दुर्गम स्थळीं प्रथम पोंचल्याचें श्रेय इतिहास कोणाच्या पदरीं घालतो, आणि तेथवर वाट दाखविणाऱ्याचें काय होतें?

ह्या प्रश्नाचें एक उत्तर घराजवळच सांपडतें. कामोठ्याच्या एखाद्या उंच गच्चीवरून निरभ्र सकाळीं पूर्वेस पाहिलें, तर प्रबळगड व त्यामागें माथेरानचा डोंगर दृष्टीस पडतो. माथेरानचा 'शोध' १८५० च्या मे महिन्यांत ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनीं लाविला, असें आम्ही शाळेपासून वाचीत आलों. त्यांचा मुक्काम पनवेलहून खोपोलीस जाणाऱ्या वाटेवरील चौक गांवीं होता. एके दिवशीं ते अर्ध्या डोंगरापर्यंत जाऊन परतले, आणि दुसऱ्या दिवशीं चौकच्या पाटलास सोबत घेऊन माथ्यावर पोंचले. तेथील एका झऱ्यास मॅलेटसाहेबांचें नांव आहे. पाटलाचा उल्लेख नेहमींच्या हकीकतींत 'चौकचा पाटील' एवढाच होतो. ज्या डोंगरावर ठाकूर, कातकरी व धनगर पिढ्यान्‌पिढ्या वावरत होते आणि ज्याच्या पायवाटा पाटलास पाठ होत्या, त्याचा शोध कोणीं कोणास लावून दिला, हें सुज्ञ वाचकांनींच ठरवावें.

असाच प्रकार खुद्द मानसरोवराच्या वाटेवर घडला. १८१२ सालीं विल्यम मूरक्रॉफ्ट व हायडर हिअर्सी हे साधूंच्या वेषांत नीती घाटानें तिबेटांत उतरून मानसरोवरास गेले. त्यांच्याबरोबर हरखदेव नांवाचा एक पंडित होता, व सारा रस्ता सारख्या पावलांनीं मोजीत जाण्याचें काम त्याच्याकडे होतें. पुढें अर्ध्या शतकानें हीच युक्ति भारतीय सर्वेक्षण खात्यानें शास्त्रशुद्ध केली. कुमाऊंतील जोहार खोऱ्यांतल्या मिलम गांवचे नैनसिंह रावत हे १८६५ सालीं यात्रेकरूच्या वेषांत निघाले व १८६६ च्या आरंभीं ल्हासास पोंचले. त्यांच्या जपमाळेंत १०८ ऐवजीं १०० मणी होते, आणि दर शंभर पावलांस एक मणी सरकत असे. प्रार्थनाचक्रांत मंत्रांऐवजीं टिपणांचे कागद असत, आणि पाण्याच्या उकळण्यावरून ते स्थळाची उंची काढीत. परततांना ते ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यानें पश्चिमेस चालत मानसरोवरापर्यंत आले. सुमारें १२०० मैलांची ती वाट मानवी पावलांनीं मोजली गेली. परंतु त्या प्रवासाची हकीकत प्रथम छापली तेव्हां तींत त्यांचें नांव नव्हतें. ते केवळ 'पंडित' होते. गुप्ततेसाठीं तें अवश्य होतें, हें आम्हांस मान्य आहे. १८७७ सालीं लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीनें त्यांस सुवर्णपदक दिलें. तथापि आमच्या शालेय पुस्तकांतून मात्र आम्हांस नैनसिंह भेटले नाहींत.

शिखरांच्या इतिहासांत हा हिशेब याहूनही कठोर होतो. ७ जून १९२२ रोजीं एव्हरेस्टच्या उत्तर खिंडीखालीं हिमलोट कोसळून सात हमाल मृत्यु पावले. इंग्रज मंडळींपैकीं कोणीही दगावला नाहीं. आपल्यांतील एखादा तरी त्यांच्यासमवेत गेला असता तर बरें होतें, अशी खंत त्या मोहिमेंतील डॉ. सॉमरव्हेल यांनीं पुढें व्यक्त केली. २९ मे १९५३ च्या चढाईमुळें तेनझिंग व हिलरी ही दोन नांवें जोडीनें जगासमोर आलीं. पण त्यामुळें ओझें हलकें झालें असें नव्हे. २०१४ च्या एप्रिलांत खुंबूच्या हिमप्रपातांत जे सोळा जण गाडले गेले, ते इतरांच्या मोहिमांसाठीं वाट करणारे व सामान वाहणारे नेपाळी कामकरी होते. आमच्या महाराष्ट्रांतील मोहिमाही शेर्पांच्या साह्यानेंच यशस्वी झाल्या आहेत, हें विसरतां येत नाहीं. पुढें १६ जानेवारी २०२१ रोजीं दहा नेपाळी गिर्यारोहक, त्यांपैकीं नऊ शेर्पा, भर हिवाळ्यांत के-टू शिखरावर प्रथमच चढले. माथ्याच्या अलीकडे ते एकमेकांसाठीं थांबले आणि दहाही जण एकत्र वर गेले. पहिला कोण, हा वादच त्यांनीं उरूं दिला नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, मॅलेट आले नसते तर पाटलाच्या पायवाटेस जगानें विचारलें नसतें. जिज्ञासा, नकाशा व ग्रंथ हीं साहेबाचींच. ह्या म्हणण्यांत तथ्य आहे. लिहिणाऱ्याचें नांव राहतें, हा इतिहासाचा जुनाच नियम होय. परंतु म्हणूनच लिहिणाऱ्याच्या शिरावर एक ऋणही येतें.

हें आम्ही कोणत्या अधिकारानें सांगतों? महाविद्यालयीन दिवसांत आम्ही चौघे मित्र पिंडारी हिमनदी पाहावयास गेलों होतों. ढाकुरीची खिंड ओलांडल्यावर पाऊस लागला. वाट निसटून आमच्यांतील एक जण उतारावर घसरला, तेव्हां आमच्या वाटाड्यानें पाठीवरचें ओझें टाकून त्यास मनगटाला धरून वर ओढिलें. खाती गांवांत रात्रीं त्यानेंच चुलीपुढें आमचे मोजे वाळविले. आम्ही त्यास तिकडील रीतीप्रमाणें 'दाज्यू', म्हणजे थोरला भाऊ, म्हणत असूं.

हा लेख लिहितांना ती जुनी रोजनिशी आम्हीं काढून पाहिली. मुक्कामांची अंतरें, शिखरांच्या उंच्या, चहाचे पैसे, सारें टिपलेलें आहे. घसरल्याच्या दिवशींची नोंद दोन पानें आहे. वाटाड्याविषयीं मात्र खर्चाच्या पानावर एकच ओळ सांपडली: 'गाईड एक, हमाल दोन'. त्यापुढें दिलेल्या रोजीचा आंकडा आहे. मॅलेटसाहेबांस आम्ही आतां काय म्हणून दोष द्यावा? त्यांनीं निदान 'चौकचा पाटील' एवढें तरी मागें ठेविलें.

आमचे विद्यार्थी हल्लीं सुटींत हिमालयांत जातात व निघण्यापूर्वीं सल्ला विचारावयास येतात. बूट, कांबळीं व औषधें यांविषयीं त्यांस आमच्याहून अधिक कळतें. आम्ही त्यांस इतकेंच सांगतों कीं, पहिल्या दिवशीं चालावयास लागण्यापूर्वीं वाटाड्यास व ओझें वाहणाऱ्यास त्यांचीं नांवें विचारा, गांव विचारा, आणि तीं वहीच्या पहिल्या पानावर लिहा. शिखराची उंची मागाहून लिहिली तरी चालेल.