आरशाची रिकामी जागा

चोरखमारा हे गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यातले गाव. गावाशेजारी मोठा तलाव आहे आणि तलावाला लागून नागझिऱ्याचे जंगल. अभयारण्यात शिरण्याच्या वाटांपैकी एक या गावाच्याच नावाने ओळखली जाते. हिवाळ्यातल्या एका सकाळी तलावाच्या पाळीवर उभा होतो, तेव्हा माझ्या हातातल्या कॅमेऱ्याचे दोन तुकडे दोन वेगळ्या काळांतले होते. मागचा कॅमेरा गेल्या दहा वर्षांतला, डिजिटल आणि मीडियम फॉरमॅटच्या मानाने हलका. पुढचे भिंग कार्ल झाईसचे, ८० मिलिमीटरचे ‘प्लॅनार’, फिल्मच्या जमान्यातले. त्याचा फोकस बोटांनीच करावा लागतो. या दोघांच्या मध्ये ॲडॉप्टर म्हणून धातूची एक नळी होती आणि तिच्यात काच नव्हती, फक्त हवा होती. ती पोकळी तिथे कशासाठी, या प्रश्नाचे उत्तर शोधताना छायाचित्रणाच्या इतिहासातली सुमारे सत्तर वर्षे उलगडतात.

गोष्ट सुरू होते ती पक्ष्यांपासून. स्वीडनमधल्या गोथेनबर्गचे व्हिक्टर हासेलब्लाड हे पक्ष्यांचे नादिष्ट अभ्यासक होते. स्थलांतरित पक्ष्यांवर छायाचित्रांसह लिहिलेले त्यांचे पुस्तक १९३५ साली निघाले. दुसऱ्या महायुद्धात स्वीडिश हवाई दलासाठी त्यांनी कॅमेरे बनवले, पण मनात होता तो रानात हाताळता येईल असा कॅमेरा. १९४८ साली त्यांचा ‘१६०० एफ’ बाजारात आला. १२० नंबरच्या फिल्मवर तो चौकोनी चित्र घेई. त्याला ‘सहा बाय सहा’ म्हणत, प्रत्यक्षात चित्र ५६ मिलिमीटर लांबीरुंदीचे. भिंग, फिल्मची पेटी आणि वरचा दृश्यदर्शक असे सगळे भाग सुटे होत. नावातला आकडा शटरच्या वेगाचा, म्हणजे सेकंदाचा सोळाशेवा भाग. फिल्मसमोरचा तो धावता पडदा मात्र नाजूक निघाला. १९५७ च्या ‘५०० सी’ मध्ये तो काढून टाकला आणि प्रत्येक भिंगाच्या पोटातच पात्यांचे स्वतंत्र शटर बसवले. वेग पाचशेव्या भागापर्यंत उतरला, पण भरवसा वाढला. या कॅमेऱ्याला बॅटरी लागत नसे. किल्ली फिरवली की पुढच्या चित्राची तयारी झाली.

या रचनेच्या मध्यभागी होता एक आरसा. भिंगातून आलेला उजेड पंचेचाळीस अंशांत कललेल्या आरशावर पडून वर जाई आणि घाशीव काचेवर चित्र उमटे. छायाचित्रकार मान खाली घालून पाही. त्याला दिसणारे चित्र डावे-उजवे उलटे असल्याने पाणकावळा डावीकडे उडाला की काचेवर तो उजवीकडे जाई. फोटो टिपताना आरसा वर उचलला जाई. तो हलायला जागा हवी, म्हणून भिंगाची बैठक फिल्मपासून दूर ठेवावी लागली. हासेलब्लाडच्या या मालिकेत ते अंतर ७४.९ मिलिमीटर आहे आणि तिची सगळी भिंगे त्या अंतराच्या हिशोबानेच घडवलेली आहेत.

आपल्याकडे हे कॅमेरे मूठभरांनाच परवडणारे होते. आयातीवर निर्बंध, परवान्यांची कटकट आणि किंमत असे तीन अडथळे होते. चौकोनी चित्राशी मराठी घरांची ओळख मात्र जुनी. ॲग्फाच्या ‘क्लिक थ्री’ या साध्या, हलक्या पेटीवजा कॅमेऱ्यात तीच १२० ची फिल्म बसे आणि एका रोलमध्ये बारा फोटो निघत. सहलीचे, बारशाचे, अंगणातल्या तुळशीजवळचे ते चौकोनी कृष्णधवल फोटो पुष्कळ घरांच्या ट्रंकांत अजून सापडतील. स्टुडिओवाल्यांकडे आणि लग्नाचे फोटो काढणाऱ्यांकडे दोन भिंगांचे यशिका असत. जे.जे.मध्ये शिकलेल्या होमाई व्यारावाला यांनी देशाच्या इतिहासातले मोठे प्रसंग टिपले, त्यांच्या हातातही अनेकदा दोन भिंगांचा रोलिफ्लेक्स असे. या कॅमेऱ्यांत आरसा होता, पण तो वरच्या भिंगामागे पक्का बसवलेला. चित्र खालच्या भिंगातून निघे.

उचलला जाणारा आरसा काढून टाकल्याचे एक ठळक उदाहरण चंद्रमोहिमांतले आहे. अपोलोच्या अंतराळवीरांसाठी हासेलब्लाडचा मोटरवर चालणारा कॅमेरा बदलून घेतला, तेव्हा त्यातला आरसा आणि दृश्यदर्शक वगळण्यात आले. हेल्मेट घातलेला माणूस मान खाली घालून बघणार कसा? १९६९ साली चंद्रावरून निघताना फिल्मच्या पेट्या परत आल्या आणि वजन वाचवण्यासाठी चंद्रभूमीवर वापरलेला कॅमेरा भिंगासकट तिथेच राहिला. पृथ्वीवर मात्र आरसा पुढेही पुष्कळ वर्षे टिकला. हासेलब्लाडने ही जुनी मालिका बंद केली ती २०१३ साली.

जून २०१६ मध्ये त्याच कंपनीने ‘एक्स १ डी’ जाहीर केला. त्यात आरसा नव्हता, चित्र थेट सेन्सरवरून छोट्या पडद्यावर दिसे. बॅटरीसह नुसत्या कॅमेऱ्याचे वजन ७२५ ग्रॅम. पुढच्या वर्षी फुजीफिल्मचा ‘जीएफएक्स ५० एस’ आला आणि २०१८ मध्ये ७७५ ग्रॅमचा ‘५० आर’. आरसा गेल्यामुळे भिंगाची बैठक सेन्सरच्या जवळ सरकली. एक्स मालिकेत हे अंतर १८.१४ मिलिमीटर आहे, फुजीच्या कॅमेऱ्यात २६.७. आता ७४.९ मधून १८.१४ वजा करा. उरतात जवळजवळ ५७ मिलिमीटर, आणि माझ्या हातातली पोकळ नळी तेवढीच लांब आहे. आरशाने सोडलेली जागाच ती. नळीत काच नसल्यामुळे भिंगाच्या चित्रात ती काहीही बिघडवत नाही. उलट दिशेने हे जमत नाही. जवळच्या बैठकीसाठी केलेले नवे भिंग जुन्या कॅमेऱ्यावर लावले, तर आरशाच्या पलीकडून त्याला दूरचे दृश्य स्पष्ट करता येणार नाही. म्हणजे या व्यवहारात जुन्यालाच नव्यात प्रवेश आहे.

पण हा प्रवेश फुकट नाही. पहिली किंमत दृश्याची. चौकोनी फिल्मचा कर्ण सुमारे ७९ मिलिमीटर, म्हणून ८० चे भिंग तिच्यासाठी ‘नॉर्मल’ ठरले. नव्या कॅमेऱ्यांतला सेन्सर सुमारे ४४ बाय ३३ मिलिमीटरचा, क्षेत्रफळ फिल्मच्या निम्म्याहून कमी. त्यामुळे तेच भिंग चित्राच्या कडा गमावते आणि थोडे दूरदर्शी होते. दुसरी किंमत वजनाची. ५०० मालिकेचा कॅमेरा भिंग आणि फिल्मच्या पेटीसह साधारण दीड किलोचा. हलक्या कॅमेऱ्याला अर्ध्या किलोचे जुने भिंग आणि वर धातूची नळी जोडली, की काटा पुन्हा त्याच्या जवळपास जातो. हलकेपणाचा फायदा खरा दिसतो तो आरसा आणि ऑटोफोकस असलेल्या दोन किलोंवरच्या डिजिटल मीडियम फॉरमॅट कॅमेऱ्यांशी तुलना केल्यावर.

तिसरी किंमत मला चोरखमाऱ्यात कळली. ५०० सी चा मोठा गुण म्हणजे भिंगातले शटर. ‘एक्स १ डी’ च्या अंगात स्वतःचे शटर नाही, तो नव्या भिंगांतल्या शटरवर चालतो. जुन्या भिंगाशी त्याचा विजेचा किंवा यांत्रिक संबंध नसल्याने भिंगातले शटर उघडे ठेवून निकामी करावे लागते आणि सेन्सरने चित्र ओळीओळीने वाचावे लागते. या वाचनाला सेकंदाचा जवळजवळ तिसरा भाग लागतो. शटरवेग कितीही ठेवा, पहिली ओळ आणि शेवटची ओळ यांत तेवढा वेळ जातो. पाण्यावरून अडईंचा थवा उठला, मी बटण दाबले. चित्रात झाडे सरळ उभी आणि पक्षी तिरपे ओढलेले, जणू कुणी ओल्या शाईवरून बोट फिरवले आहे. पक्ष्यांच्या वेडातून जन्मलेल्या घराण्याचे हे भिंग याच घराण्याच्या नव्या कॅमेऱ्यावर उडता पक्षी टिपू शकले नाही. फुजीच्या कॅमेऱ्यात सेन्सरसमोर पडद्याचे शटर आहे, तिथे ही अडचण येत नाही. १९५७ मध्ये पडदा काढून भिंगात शटर नेले आणि आता जुन्या भिंगाला पुन्हा पडद्याचाच आधार घ्यावा लागतो. तंत्राच्या इतिहासात सोडलेली वाट अशी कधीकधी परत गाठावी लागते.

मग हा खटाटोप कशासाठी? एक उत्तर आपल्या हवामानात आहे. पूर्व विदर्भाच्या पावसाळ्यात कपाटात बंद राहिलेल्या भिंगावर बुरशी चढते. तिचे धागे काचेवरचा लेप खातात आणि वेळीच पुसले नाहीत तर काचेवर कायमचे ओरखडे उरतात. उन्हाळ्यात वंगण पातळ होऊन पात्यांवर उतरते, पुढे घट्ट होते आणि पाती अडकतात. उजेडात, कोरड्या हवेत, हाताखाली असलेले भिंग टिकते. बंद पडलेल्या स्टुडिओंच्या कपाटांत अशी भिंगे आहेत आणि ती उघडून साफ करणारे कारागीर कमी होत चालले आहेत. हलक्या कॅमेऱ्यांनी या भिंगांना पुन्हा काम दिले, म्हणून ती दुरुस्त करून घेण्याला अर्थ उरला. संग्रहालयातल्या काचेआड जतन होते ती वस्तू. बोटांनी फोकस करण्याचे कसब तिथे जतन होत नाही.

दुसरे उत्तर या जंगलाशी निगडित आहे. व्यंकटेश माडगूळकरांनी ‘नागझिरा’ लिहिले, किरण पुरंदरे चारशे दिवस इथे राहिले आणि ‘सखा नागझिरा’ झाले, शेजारच्या नवेगावात मारुती चितमपल्लींनी वर्षानुवर्षे पाखरे पाहिली. या मुलखाविषयी मराठीत जे चांगले लिहिले गेले ते एका जागी बसून राहणाऱ्यांनी. अडईंचे चित्र बिघडल्यावर मीही बसलो. पडद्यावर समोरच्या एका झाडाचे खोड मोठे करून पाहिले, भिंगाची कडी सावकाश फिरवली. साल स्पष्ट झाली, मग सालीवरची मुंग्यांची रांग. एवढ्यात धुके पाण्यावरून उठून गेले होते आणि थवा परत येऊन बसला होता, या वेळी स्थिर. मी एकच फोटो घेतला. त्यात पक्षी सरळ आले.