‘मंडळी फुटली’ आणि ‘नट बाहेर पडला’

१९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे किर्लोस्कर मंडळीतून निघाले व त्यांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापिली. अशा प्रसंगी ‘मंडळी फुटली’ असे म्हणण्याचा प्रघात होता. वाक्याचा कर्ता मंडळी. २०२४ मध्ये डॉ. निलेश साबळे ‘चला हवा येऊ द्या’तून ‘बाहेर पडले’. येथे कर्ता नट. हा भेद केवळ व्याकरणाचा नव्हे. लेखक, दिग्दर्शक व सूत्रसंचालक साबळेच. तथापि कार्यक्रमाचे नाव वाहिनीचे. २०२५ मध्ये तो त्यांच्यावाचून पुन्हा सुरू झाला. फुटले काहीच नाही. भारत गणेशपुरे यांची वऱ्हाडी मात्र (प्रताप नगरातील श्रोत्यास ती घरचीच वाटते) कोणत्या करारात बसवावी, हे वाहिनीसही सांगता येणार नाही.