लुइझियानातील तेल आणि धुराचा हिशेब

अमेरिकेतील एखाद्या राज्याच्या उद्योगांनी खनिज तेल वापरून वर्षभरात किती कार्बन डायऑक्साइड हवेत सोडला, याचा सरकारी आकडा धुराड्यावर यंत्र लावून काढलेला नसतो. तो तेलाच्या विक्री-वापराच्या नोंदींवरून गणिताने काढतात. या नोंदी सुरू झाल्या त्या मात्र वेगळ्याच कारणांसाठी. ओरेगनने १९१९ मध्ये देशात प्रथमच पेट्रोलवर राज्याचा कर बसवला, इतर राज्यांनीही तोच मार्ग धरला आणि कुठे किती पेट्रोल खपले हे कागदावर येऊ लागले. १९७३ च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल रोखले, तेव्हा देशात तेलाचा साठा व खप किती याची खात्रीशीर माहिती सरकारला तातडीने हवी झाली. त्या टंचाईच्या धक्क्यातून १९७७ मध्ये ऊर्जा खाते आणि त्याची ऊर्जा माहिती संस्था उभी राहिली. या संस्थेने ऊर्जावापराची राज्यवार मालिका १९६० पर्यंत मागे नेली.

खपावरून धुराचे गणित मांडण्याची वाट शास्त्रज्ञांनी दाखवली. हवाई बेटांवरील मौना लोआ पर्वतावर १९५८ पासून हवेतील कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी १९७३ मध्ये इंधनाच्या आकडेवारीवरून जगाच्या औद्योगिक उत्सर्जनाचा अंदाज प्रसिद्ध केला. गणित सरळ आहे: एक टन कार्बन पूर्ण जळला की सुमारे ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड होतो. प्रत्येक इंधनातील कार्बनचे प्रमाण मात्र वेगळे असते. सारखीच उष्णता मिळवताना पेट्रोलियम कोक, म्हणजे तेल शुद्ध करताना उरणारा कोळशासारखा घन पदार्थ, डिझेलपेक्षा तिसऱ्या हिश्शाहून अधिक कार्बन डायऑक्साइड सोडतो.

या पद्धतीचा खरा कस लागतो तो लुइझियानासारख्या तेलशुद्धीकरणाच्या राज्यात. बॅटन रूज येथे स्टँडर्ड ऑइलचा शुद्धीकरण कारखाना १९०९ मध्ये सुरू झाला. जड तेलाचे रेणू तोडून त्यातून पेट्रोल काढणारे जगातील पहिले व्यापारी द्रवरूप उत्प्रेरकी भंजन संयंत्र १९४२ मध्ये तिथेच चालू झाले. या प्रक्रियेत उत्प्रेरकाच्या कणांवर कोकचा थर साचतो. तो जाळल्याशिवाय उत्प्रेरक पुन्हा कामाला येत नाही, आणि त्या जळण्याची उष्णताच संयंत्र चालवते. कच्च्या तेलातून निघणारा वायूही कारखान्याच्या भट्ट्यांतच जळतो. ही दोन्ही इंधने कोणी विकत नाही, त्यामुळे विक्रीच्या वहीत ती दिसत नाहीत. शुद्धीकरण कारखान्यांकडून त्यांची वेगळी माहिती घ्यावी लागते. भट्टीतील वायूचा आकडा तर मोठ्या विभागाचा मिळतो आणि तो कारखान्यांच्या क्षमतेनुसार राज्यांत वाटला जातो. म्हणजे राज्याच्या आकड्याचा एक महत्त्वाचा भाग अंदाजानेच येतो. तो वाचताना हे विसरता कामा नये.

दुसरी अडचण याच्या उलट आहे: विकलेले सगळे तेल जळत नाही. नाफ्थाचे प्लास्टिक होते, डांबर रस्त्यात जाते, वंगण यंत्रात राहते. त्यांतला कार्बन वस्तूतच अडकून राहतो, म्हणून तो एकूण वापरातून वजा करतात. हिशेबाचा आणखी एक नियम असा की, इंधन जिथे जळेल त्या राज्याच्या नावावर धूर पडतो. लुइझियानात तयार झालेले पेट्रोल दुसऱ्या राज्यातील मोटारीत जळाले, तर ते त्या राज्याच्या वाहतुकीत मोजले जाते. ते शुद्ध करताना झालेला धूर मात्र लुइझियानाच्या उद्योगांच्या खात्यात राहतो. कारखान्याने बाहेरून घेतलेल्या विजेचा धूर वीजनिर्मितीच्या सदरात जातो.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००९ मध्ये नियम काढला आणि वर्षाला २५,००० टनांहून अधिक उत्सर्जन करणाऱ्या मोठ्या कारखान्यांना २०१० पासूनचा आपला हिशेब स्वतः देणे बंधनकारक केले. त्यामुळे वरून वाटलेल्या आकड्याशेजारी कारखान्यागणिक आकडा ठेवता येऊ लागला. लुइझियाना राज्य विद्यापीठाने २०२१ मध्ये तयार केलेल्या यादीत सर्व इंधने व प्रक्रिया धरून राज्याच्या हरितगृह वायूंपैकी सुमारे दोन तृतीयांश वाटा उद्योगांचा निघाला. संपूर्ण अमेरिकेत हा वाटा याहून पुष्कळ कमी आहे.